विठू महार आणि मोशेचा देव

मंगळवेढ्याच्या आमच्या वस्तीत आजी दोन गोष्टी सांगायची. एक कोठाराची, दुसरी भिंतीची. कोठाराच्या गोष्टीत देव महार होतो. भिंतीच्या गोष्टीत महार मरतो आणि देव मागाहून येतो. आजीला या दोहोंत विसंगती दिसत नव्हती. दोन्ही सांगून झाल्या की ती हात जोडायची. 1956 च्या धर्मांतरानंतर घरातली विठोबाची तसबीर उतरली, वडिलांनी बाबासाहेबांची आणि बुद्धाची लावली. आजी मात्र त्या गोष्टी आवाज खाली आणून सांगतच राहिली. आम्ही मुले मोठी झालो, चळवळीत आलो, आणि त्या गोष्टींना भाकडकथा म्हणून मोकळे झालो. आज मला वाटते की आम्ही फार लवकर मोकळे झालो.

हे वाटायला निमित्त झाले एका अभ्यासवर्गातल्या प्रश्नाचे. ख्रिस्ती घरातला एक विद्यार्थी वर्गात यायचा. त्याने विचारले, "सर, निर्गमच्या तिसऱ्या अध्यायातला देव मिसरमधल्या गुलामांचा आक्रोश ऐकतो आणि त्यांना सोडवायला मोशेला पाठवतो. त्याच पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात तोच देव गुलाम कसे ठेवावेत याचे नियम सांगतो. धन्याने गुलामाला काठीने मारले आणि तो दोन दिवस जगला, तर धन्याला शिक्षा नाही, कारण गुलाम हा त्याचाच पैसा. यातला खरा देव कोणता?"

प्रश्न नवा नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने तो इतका ताणला की हे दोन वेगवेगळे देवच आहेत असे त्याने जाहीर केले : जुन्या करारातला निर्माता वेगळा आणि येशूचा पिता वेगळा. रोमच्या मंडळीने इसवी सन 144 च्या सुमारास त्याला बाहेर काढले आणि दोन्ही करार एकाच बांधणीत ठेवले. पुढे धर्मपंडितांनी उत्तर शोधले की देवाने माणसाला स्वतःची ओळख टप्प्याटप्प्याने करून दिली. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभ्यासकांनी, विशेषतः वेलहाउझेनने, मोशेच्या म्हणून मानलेल्या पाच पुस्तकांत वेगवेगळ्या काळांचे आणि वेगवेगळ्या हातांचे लेखन एकत्र शिवलेले आहे असे मांडले. त्याच्या मांडणीतल्या बऱ्याच तपशिलांना नंतरच्या अभ्यासकांनी आव्हान दिले. पण हात अनेक आहेत, हे आता फारसे कोणी नाकारत नाही.

मी त्या विद्यार्थ्याला एवढेच म्हणालो की खरा देव कोणता हा प्रश्न माझ्यासाठी बावीस प्रतिज्ञांनी निकालात काढला आहे. पण देवाचे चित्र कोणी काढले, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि तो आपल्या मंगळवेढ्यालाही विचारता येतो.

आधी कोठार. दामाजीपंत हे बेदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्यातले अंमलदार. काळ पंधराव्या शतकाचा. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजींनी सरकारी धान्याची कोठारे उघडली आणि धान्य वाटून टाकले. हाताखालच्या कारकुनाने बेदरला चुगली केली. सुलतानाने दामाजींना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. शिपाई त्यांना घेऊन निघाले असताना इकडे विठोबाने महाराचे रूप घेतले. अंगावर फाटके वस्त्र, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. बेदरच्या दरबारात जाऊन त्याने जोहार घातला, धान्याची रक्कम मोजून दिली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींना सापडली ती त्यांच्या पोथीत.

ही गोष्ट महाराष्ट्रभर गेली ती महिपतींच्या 'भक्तविजय'मुळे. ग्रंथ 1762 चा, म्हणजे पेशवाईच्या ऐन भरातला. महिपती हे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ताहराबादचे, घराणे कुलकर्ण्याचे. हे मुद्दाम सांगतो. गावचा वसूल ठाण्यावर पोचवताना सोबत चालायचे, निरोप घेऊन धावायचे, सरकारी माणसांचे ओझे वाहायचे ही महाराची वतनी कामे, आणि कुलकर्ण्याच्या घरात ती रोज डोळ्यांपुढे होत असणार. तेव्हा देवाने पैसे पोचवायला महाराचे रूप घेतले यात चमत्कार कमी आणि व्यवहारज्ञान जास्त आहे. बेदरच्या दरबारात मंगळवेढ्याची रक्कम घेऊन महाराशिवाय दुसरे कोण आले असते? सुलतानाला संशय येऊ नये म्हणून देवाला महारच व्हावे लागले.

आणि मग नीट पाहा. देव महार झाला तो महाराच्या घरातले दुःख वाहायला नव्हे, तर एका सज्जन ब्राह्मण अंमलदाराची सुटका करायला. महार होऊन त्याने महाराची वेठ केली, ती चोख केली, आणि तो राउळात परत गेला. कीर्तनात हा प्रसंग मी अनेकदा ऐकला आहे. बुवा रडतात, श्रोते रडतात. रडे येते ते देवाला इतके खाली उतरावे लागले याचे. जो रोजच तिथे होता त्याच्यासाठी कोणी रडताना मी पाहिले नाही. आजी एकदा म्हणाली होती, "पैसं देऊन इठू कुटं गेला रं? म्हारवाड्यात आला न्हाई तो."

दामाजींचे मोठेपण यामुळे कमी होत नाही, उलट वाढते. बायबलातही दुष्काळ आहे आणि कोठारे आहेत. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात योसेफ हा फारोचा अंमलदार. देव त्याच्या सोबत आहे असे ग्रंथ पूर्वीच सांगून ठेवतो. सात वर्षे धान्य साठवून योसेफ ते उपाशी रयतेला विकतो. आधी लोकांचा पैसा घेतो, मग गुरेढोरे, मग जमिनी, आणि शेवटी माणसेच फारोची दास होतात. उत्पन्नाचा पाचवा हिस्सा कायमचा सरकारात. सुटतात फक्त पुरोहितांच्या जमिनी. इनाम जमिनींचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे ओळखीचे वाटेल. ग्रंथकार हे सगळे योसेफाची हुशारी म्हणून सांगतो. त्या देवापुढे कोठार उघडे टाकणारे आमचे दामाजीपंत कितीतरी उजवे. आणि गंमत अशी की जिथे योसेफाने लोकांना दास केले, त्याच मिसर देशात पुढे त्याच्याच वंशजांना विटा पाडाव्या लागल्या आणि फारोची कोठारांची नगरे बांधावी लागली. तिथून निर्गमचा देव सुरू होतो.

विटा आणि बांधकाम म्हटले की मंगळवेढ्याची भिंत आठवल्याशिवाय राहत नाही.

चोखामेळा मंगळवेढ्याचा. 1338 मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत ढासळली आणि तिच्याखाली इतर महार मजुरांबरोबर चोखोबाही गाडला गेला. ज्या कुसाबाहेर जन्मभर राहायचे तेच कूस बांधताना मरण. यावर आपल्या कवींनी आणि लेखकांनी पुष्कळ लिहिले आहे, मी भर घालत नाही. मला विचारायचे आहे ते देवाविषयी. परंपरा सांगते की चोखोबाबरोबर मेलेली ढोरे ओढायला विठोबा आला. सोयराबाईच्या बाळंतपणात नणंदेचे रूप घेऊन तो आला. चोखोबाच्या पंगतीला तो जेवायला आला, आणि कोणा ब्राह्मणाने चोखोबाच्या थोबाडीत मारली तेव्हा गाल सुजला तो राउळातल्या मूर्तीचा. एवढ्या ठिकाणी येणारा देव भिंत पडताना का आला नाही? भिंत पडल्यावर मात्र तो येतो. नामदेवांना हाडे शोधायला सांगतो, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येते ती चोखोबाची असे ओळखले जाते, आणि ती पंढरपूरला नेऊन महाद्वारापाशी पुरली जातात. बाकीच्या मजुरांच्या हाडांतून काही ऐकू आले नाही. त्यांची नावेही उरली नाहीत.

मिसरमधले विटा पाडणारे आणि मंगळवेढ्यात भिंत बांधणारे यांच्या दशेत फारसा फरक नव्हता. दोन्हीकडे वेठ, दोन्हीकडे मुकादम. फरक पडला तो गोष्टीच्या शेवटात. निर्गमचा देव गुलामांची समाधी बांधत नाही, त्यांना देशाबाहेर काढतो. हा देव सत्ताधाऱ्यांना किती धोक्याचा वाटला हे 1807 मध्ये दिसले. त्या वर्षी लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या निग्रो गुलामांसाठी बायबलातले निवडक भाग छापले गेले. त्यात जुन्या कराराचा बहुतांश भाग गाळला होता. योसेफ ठेवला होता. मोशे गुलामांना घेऊन बाहेर पडतो तो भाग नव्हता. छापणाऱ्यांना देवाच्या दोन चित्रांतला फरक धर्मपंडितांपेक्षा चांगला कळला होता म्हणायचा! अमेरिकेतल्या गुलामांनीही तो उलट बाजूने ओळखला. मळेवाले नोहाच्या शापाचा आधार देत आणि गुलाम मोशेची गाणी गात. बायबल दोघांच्याही हातात एकच होते.

पण निर्गमच्या देवावर भाळून जाण्याचे कारण नाही. यहोशवाच्या पुस्तकात तोच देव त्याच सुटलेल्या लोकांना कनान देश देतो आणि तिथल्या मूळ रहिवाशांची कत्तल करायला सांगतो. गुलाम सुटले की त्यांचा देव जेत्यांचा देव होतो. अभ्यासवर्गात हे सांगितले तेव्हा एकाने विचारले की मग कनानी माणसाने ही गोष्ट कशी वाचावी. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आर्य-अनार्य संघर्षाची मांडणी करताना जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त, 1873 साली, अवतारकथा उलट्या बाजूने वाचून दाखवल्या. कनानी वाचन म्हणजे बहुधा तेच. मिशनऱ्यांच्या शाळेत शिकलेले जोतीराव शेवटी कोणत्याही ग्रंथातल्या देवापाशी थांबले नाहीत. त्यांनी 'निर्मिक' हा शब्द वापरला, आणि कोणतेही धर्मपुस्तक ईश्वराने केले असे मानायला नकार दिला. वीस शतकांपूर्वीच्या ग्रंथातले कलम आणि आजच्या माणसाची अक्कल यांचा झगडा त्यांनी एका शब्दाने सोडवला.

आता दाराविषयी. मंगळवेढ्याच्या दोन संतांची हाडे पंढरपूरला आहेत. कान्होपात्रा ही शामा नावाच्या गणिकेची मुलगी. बेदरच्या बादशहाने तिला बोलावणे पाठवले तेव्हा ती विठोबाच्या पायाशी गेली आणि तिथेच तिने प्राण सोडला, अशी कथा आहे. तिची समाधी मंदिराच्या आवारात आहे, तरटीच्या झाडापाशी. चोखामेळ्याची महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. एकाच गावचे दोघे, एकाच देवाचे भक्त. गणिकेची मुलगी आत मेली, महार मेल्यावरसुद्धा बाहेर. देवाला पापाचे वावडे नव्हते, मग वावडे होते कशाचे? वर्णधर्म रक्षणाऱ्यांनी पतिताला क्षमा ठेवली होती. अस्पृश्याला क्षमा नव्हती, कारण त्याने गुन्हाच केलेला नव्हता.

हा दाराचा प्रश्न बायबलातही आहे, आणि तिथे तो उघडपणे भांडला गेला आहे. लेवीयाच्या एकविसाव्या अध्यायात अहरोनाच्या वंशातला आंधळा, लंगडा, कुबडा याने वेदीजवळ जायचे नाही असा नियम आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात षंढाला मंडळीत प्रवेश नाही, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत नाही. आणि यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात तोच देव षंढाला आणि परक्याला आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत जागा देईन म्हणतो. रूथची गोष्ट तर सरळ आव्हान आहे : ती मवाबी, आणि राजा दावीद तिचा पणतू! दहा पिढ्या थांबायला कोणी वेळच दिला नाही. येशूने मंदिरातला बाजार उधळला तेव्हा आधार घेतला तो यशयाच्या याच अध्यायाचा, आणि मत्तय सांगतो की त्यानंतर आंधळे-लंगडे मंदिरातच त्याच्याकडे आले. लेवीयाचा नियम मात्र कोणी खोडला नाही. दोन्ही कलमे आजही त्याच ग्रंथात आहेत. ज्याला जे हवे ते त्याने उघडावे.

आमच्याकडे हे भांडण ग्रंथात झाले नाही असे मात्र म्हणता येत नाही. सोयराबाईने विचारले की देह विटाळातूनच घडतो, तर मग सोवळा कोण. चोखोबाचा मुलगा कर्ममेळा याने तर देवालाच धारेवर धरले : हीन जातीत जन्म तूच दिलास, आणि त्याचे तुला काहीच कसे वाटत नाही. याच घरातला चोखोबा दुसऱ्या ठिकाणी आपल्या जन्माचे कारण पूर्वजन्मीच्या कर्मात शोधतो. बाप नशिबाकडे बोट दाखवतो, मुलगा देवाकडे. एका झोपडीत देवाची दोन चित्रे होती. महिपतींच्या ग्रंथांतून आणि कीर्तनांतून घरोघर पोचला तो बाप. कर्ममेळ्यावर कीर्तन झालेले मी अजून ऐकलेले नाही.

ज्याला आपण पूर्वकर्म म्हणतो त्याच्याच घरातला दुसरा शब्द म्हणजे पाप. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर जे लिहिले ते त्यांच्या हयातीत छापले गेले नाही; इंग्रजी लेखनसंग्रहाच्या पाचव्या खंडात ते 1989 मध्ये आले. त्यात त्यांचा एक आक्षेप असा आहे की माणसाची अधोगती त्याच्या पापामुळे झाली, परिस्थितीमुळे नव्हे, असे शिकवले गेल्याने अस्पृश्य ख्रिस्त्यातली लढण्याची ताकद गेली. हा आक्षेप त्यांनी परक्यासारखा घेतलेला नाही. 1938 च्या आरंभी आपल्याच सोलापुरात ते ख्रिस्ती समाजापुढे बोलले होते, आणि त्या भाषणाचा वृत्तांत त्याच वर्षी फेब्रुवारीत 'जनता'त आला. जगातल्या धर्मपुरुषांत आपल्याला बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनीच ओढ लावली असे त्यांनी तिथे सांगितले. आणि लगेच विचारले की दक्षिणेतल्या चर्चमध्ये जाती का पाळल्या जातात, ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा का राहिला नाही. ख्रिस्ताविषयीचा आदर आणि ख्रिस्त्यांना हिशेब मागणे, दोन्ही एकाच व्यासपीठावरून. येवल्याची घोषणा 1935 ची. म्हणजे कोणत्या धर्मात जायचे हे ठरायचे होते तेव्हाचे हे भाषण आहे.

पौलाकडे पाहिले की हा पेच आणखी उघडा पडतो. फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की ख्रिस्ताने दासाचे रूप घेतले आणि वधस्तंभावरचे मरण सोसले. वधस्तंभ ही रोमन राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा. इथे विठू महाराशी तुलना अटळ आहे. विठूने रूप घेतले ते एका कामगिरीपुरते, आणि काम होताच ते टाकले. ख्रिस्त त्या रूपातच मेला. कल्पनेच्या पातळीवर पौलाचा देव कितीतरी पुढे गेला. पण त्याच पौलाने फिलेमोनाला पत्र लिहून अनेसिम नावाचा गुलाम त्याच्याकडे परत पाठवला. दासापेक्षा अधिक, प्रिय बंधू म्हणून त्याला स्वीकार, असे त्याने लिहिले. त्याला सोडून दे असे स्पष्ट शब्द लिहिले नाहीत. पुढे अठराशे वर्षे गुलामगिरीचे समर्थक आणि विरोधक दोघेही त्याच पत्रातून आधार काढत राहिले.

आमच्या लोकांनी विठू महाराची गोष्ट कशी वाचली, ते सांगायचे राहिले. कीर्तनकार रडले, पण महारांनी त्या गोष्टीतून हक्क काढला. महारांच्या बावन हक्कांची जी परंपरा आहे, तिचा धागा बेदरच्या बादशहाशी जोडलेला आहे. कुठे हक्क मिळवणारा अमृतनाक आहे, कुठे विठनाक. बलुते, मेलेल्या जनावराचे कातडे, प्रेतावरचे कापड असे ते हक्क. त्यात सन्मान किती आणि लाचारी किती हे आपण जाणतो. तरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते : देव महार झाला याचा अर्थ उच्चवर्णीयांनी देवाची दया असा लावला, आणि महारांनी सनद असा लावला. पोथीत सापडलेली पावती त्यांनी आपल्या नावावर मागितली. माझी आजी निरक्षर होती, पण बावन हक्कातले बरेचसे ती बोटांवर मोजून दाखवायची.

बाबासाहेबांनी ही सनदच फेटाळली. 1936 साली 'जातिनिर्मूलना'च्या वादात त्यांनी संतांवर ठपका ठेवला की त्यांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली नव्हे. आणि 1948 मध्ये अस्पृश्यांच्या मूळ इतिहासावरचा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. यातही विसंगती नाही. चोखोबा त्यांचा होता, चोखोबाचा देव त्यांचा नव्हता.

पंढरपूरचे दार उघडले ते मे 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. चोखोबाला मरून तोवर सहाशे नऊ वर्षे झाली होती. त्या दाराचे आम्हाला तेव्हा फारसे कौतुक उरले नव्हते. आम्ही वेगळ्या कागदाची वाट पाहत होतो. महारांच्या वतनाविषयीचे विधेयक बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात मांडले ते मार्च 1928 मध्ये, आणि सरकार व इतर सभासद यांनी त्याची धार बोथट केली तेव्हा पुढल्या वर्षी त्यांनी ते मागे घेतले. मुंबई राज्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करण्याचा कायदा केला तो 1958 मध्ये. घोंगडी आणि काठी घेऊन सरकारी ऐवज पोचवण्याची विठू महाराची चाकरी त्या कायद्याने संपली. तो कागद आला तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. आजी होती. तिने वडिलांकडून तो दोनदा वाचून घेतला आणि विचारले, "आता बेदरला कोन जानार?" वडील म्हणाले, "कुणीच न्हाई."